६४ वस्तू, ४ थर आणि एक काळे झाकण

बंद पडलेल्या एका जुन्या दवाखान्याच्या मागे पाण्याच्या टाकीसाठी खोदकाम चालू होते. दीड हात खाली काचा लागल्या, मग अख्ख्या बाटल्या निघायला लागल्या. मजुरांनी हाताला येईल ते तीन पोत्यांत भरले आणि पोती चार दिवस उन्हात पडून राहिली. मग ती दोन खोल्यांच्या स्थानिक संग्रहालयाच्या ओट्यावर आली. सोबत निष्कर्षही तयारच होता: दवाखाना सुरू झाला तेव्हाच्या बाटल्या, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, लगेच कपाटात मांडा.

प्रकरण नमुन्यादाखल मांडले आहे आणि त्यातले आकडे त्या नमुन्यापुरतेच आहेत. पण यातल्या चुका आणि खुणा मात्र जुन्या काचेचे काम करणाऱ्याला पुन्हापुन्हा भेटतात. संग्रहालयापुढे दोन प्रश्न होते. बाटल्या कधीच्या, हा एक. खड्डा कधी भरला, हा दुसरा. लोक हे दोन्ही एकच समजतात आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

पोती उघडण्याआधी

वरच्याच पोत्यात काचेच्या बुचाची एक तपकिरी बाटली होती. लेबलाचा अर्धा कपटा शिल्लक होता आणि त्यावर ‘पिक्रि’ एवढीच अक्षरे. बुचाच्या कडेला पिवळे स्फटिक जमले होते. पिक्रिक आम्ल एकेकाळी भाजलेल्या जखमांवर वापरत. ओले असते तोवर ते त्या मानाने शांत असते. वाळले की घर्षणाने किंवा धक्क्याने फुटू शकते, आणि बूच फिरवताना जे घडते ते घर्षणच. मातीत ओलसर राहिलेली ही बाटली चार दिवस उन्हात तापली होती. अशा वेळी बाटली हलवायची नाही, बूच तपासायचे नाही, फोटो लांबून काढायचा, खोली रिकामी करायची आणि बॉम्बनाशक पथकाला बोलवायचे. इथे तसेच केले.

दवाखान्याच्या, शाळेच्या प्रयोगशाळेच्या किंवा छायाचित्र स्टुडिओच्या कचऱ्यात असे काही सापडेल हे गृहीत धरूनच पोते उघडावे. आत द्रव किंवा भुकटी असलेली बाटली रिकामी करून धुणे हा सर्वांत घातक उत्साह. पारा, आर्सेनिक, स्ट्रिकनीन, कार्बोलिक आम्ल ही जुन्या औषधांच्या फळीवरची रोजची मंडळी होती. वास घेऊन ओळखू, असे म्हणणाऱ्याला कामावरून बाजूला करावे.

धुण्यात गेलेला पुरावा

पोत्यांतून एकूण ४१ वस्तू निघाल्या. त्यातल्या १९ एका हौशी मदतनिसाने त्याच संध्याकाळी धुऊन टाकल्या: कढत पाणी, तारेचा ब्रश आणि संडास साफ करण्याचे आम्ल. दोन बाटल्या तिथल्या तिथे तडकल्या. ११ बाटल्यांवरचा रंगीबेरंगी, शिंपल्यासारखा चमकणारा थर निघून गेला आणि खाली धुरकट, खरवडलेली काच राहिली. एका बाटलीवर कागदी लेबल होते, त्याचा लगदा झाला.

तडकण्याचे कारण साधे आहे. जुन्या बाटल्यांची जाडी सगळीकडे सारखी नसते. खांद्याशी दोन मिलिमीटर, तर बुडाशी दहा. गरम पाण्यात पातळ भाग लगेच फुगतो, जाड भाग मागे राहतो आणि ताण कुठल्या तरी जुन्या ओरखड्यापाशी सुटतो. चमकता थर म्हणजे वरून बसलेली घाणही नव्हे. ओल्या मातीत काचेतले सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार हळूहळू पाण्यात उतरतात, मागे सिलिकाचे पापुद्रे उरतात आणि त्यांच्यातून प्रकाश फुटून रंग दिसतात. ती मूळ काचच असते. ती काढली की बाटलीचा मूळ पृष्ठभाग गेला, आणि त्यावर बारीक उठावाची अक्षरे असतील तर तीही गेली.

उरलेल्या वस्तूंसाठी पद्धत बदलली. प्लॅस्टिकच्या दोन टबांत तळाशी जाड टॉवेल, खोलीच्याच तापमानाचे पाणी, तीन-चार थेंब सौम्य साबणद्रव, मऊ ब्रश. एका वेळी एकच बाटली. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याचा एक हात, मग जाळीवर तोंड खाली करून सावलीत दोन-तीन दिवस. पापुद्रे सुटत असतील तर पाणी अजिबात नाही, फक्त कोरडा मऊ ब्रश. लेबल असलेली बाटली कोरडीच ठेवायची. चुन्याचा कठीण पापुद्रा दिसायला वाईट असला तरी तसाच सोडला. तो काढायला आम्ल लागते, आणि एवढ्यासाठी आम्ल वापरण्यात अर्थ नसतो. हौशी संग्राहक तांब्याच्या बारीक तुकड्यांसोबत बाटली फिरवून लखलखीत करतात. विक्रीला ते ठीक असेल, पण त्यात पृष्ठभाग घासला जातो. संग्रहालयात ते नको.

उरलेला खड्डा

सुदैवाने मजूर तळापर्यंत पोहोचले नव्हते. अजून ८० सेंटीमीटर भराव शिल्लक होता. टाकीचे काम आठ दिवस थांबवले आणि तो २० सेंटीमीटरच्या चार थरांत उतरवला. एकूण खोली दीड मीटरच्या आसपास जात होती, म्हणून तीन बाजू तिरक्या कापल्या. चौथी सरळ ठेवली ती भरावाचा छेद दिसावा म्हणून, आणि तिच्या पायथ्याशी कुणी बसायचे नाही असा नियम केला. हातात जाड मोजे, खुरपी, ब्रश. माती पाच मिलिमीटरच्या चाळणीतून. प्रत्येक थराचा मोजपट्टीसह फोटो. प्रत्येक पिशवीला दोन चिठ्ठ्या, एक आत, एक बाहेर, दोन्ही पेन्सिलीने लिहिलेल्या. शाईची चिठ्ठी ओल्या पिशवीत आठवडाभरात निळा डाग होते आणि मग ती पिशवीही पोत्याइतकीच मुकी.

या चार थरांतून २३ वस्तू मिळाल्या. पोत्यांतल्या ४१ वस्तूंपेक्षा या २३ जास्त बोलल्या, कारण त्यांचा पत्ता माहीत होता.

बाटली वाचताना

६४ पैकी ३८ औषधाच्या बाटल्या, ९ पेयांच्या, ३ विषाच्या, ६ मलमाच्या बरण्या, २ दौती आणि ६ इतर: बशीचे दोन तुकडे, लोखंडी कुलूप, हाडाचे बटण, दात घासायच्या ब्रशची मूठ, दिव्याच्या काचेचा तुकडा.

पहिली चाचणी शिवणीची. साच्यात फुंकलेल्या बाटलीच्या दोन्ही बाजूंना साच्याच्या अर्ध्या भागांची रेघ उमटते. बाटली डोळ्यांसमोर आडवी धरून प्रकाश तिरका पाडला की ती दिसते, नखानेही कळते. रेघ गळ्यावरच थांबत असेल तर तोंड कारागिराने वेगळे, हाताने घडवले. रेघ ओठावरून पलीकडे जात असेल तर तोंडही साच्यात झाले, म्हणजे यंत्र आले. मायकेल ओवेन्स यांचे पूर्ण स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास चालू झाले. ते वितळलेली काच खालून शोषून घेते आणि पाते फिरवून तोडते, म्हणून बुडावर एक गोल, बहुतेकदा केंद्रापासून सरकलेला, कडेला पिसासारखा विरणारा व्रण राहतो. हा व्रण असेल तर बाटली १९०३ च्या आधीची असूच शकत नाही.

३८ औषधी बाटल्यांपैकी २२ ची शिवण तोंडाखाली थांबत होती. १३ ची ओठावरून जात होती आणि त्यातल्या ५ च्या बुडाला शोषणाचा व्रण होता. तिघींचे ठरवता आले नाही: दोघींची तोंडे फुटलेली, तिसरी ती पिवळ्या स्फटिकांची, तिला हातच लावलेला नाही.

इथे घाई करणारे फसतात. निव्वळ शिवणीवरून १९०३ ची भिंत उभी करता येत नाही, कारण १८८० च्या दशकापासून अर्धस्वयंचलित यंत्रे होती आणि रुंद तोंडाच्या बरण्या त्यांवर आधी निघाल्या. उलट, तोंड पुन्हा आगीत धरून गुळगुळीत केले तर यंत्राच्या बाटलीचीही वरची शिवण पुसली जाते. काही बाटल्या साच्यात असतानाच गोल फिरवत; त्यांना शिवण नसतेच, अंगावर बारीक आडव्या रेघा असतात. शिवण नाही म्हणजे फार जुनी, हा समज त्यामुळे टिकत नाही. जुनेपणाची बरी खूण बुडावर असते. बाटली धरायला बुडाला चिकटवलेली लोखंडी सळई तोडून काढली की खडबडीत वर्तुळ राहते. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात सळईची जागा पकडीने घेतली आणि नेहमीच्या बाटल्यांवरून हा व्रण नाहीसा झाला. या ६४ वस्तूंत तो एकाही बुडावर नव्हता.

रंगावर फार विसंबू नये. हिरवट-निळसर झाक वाळूतल्या लोहामुळे येते आणि ती कुठल्याही दशकात येते. फिकट जांभळ्या दोन बाटल्या मात्र कामाच्या होत्या: काच पांढरी दिसावी म्हणून मँगॅनीज घालत आणि वर्षानुवर्षे ऊन लागले की ती जांभळी होते. ही प्रथा १९२० च्या आसपास बरीच मागे पडली. पण गडद वांग्याचा रंग दिसला तर संशय घ्यावा. किरणोत्सर्ग देऊन बाटल्या मुद्दाम तशा करून विकतात. आणि या दोघी जांभळ्या होत्या म्हणजे पुरण्याआधी त्या बराच काळ उन्हात होत्या, बहुधा खिडकीच्या फळीवर. मातीखाली काच जांभळी होत नाही.

विषाच्या तीन बाटल्या गडद निळ्या, सहा कडांच्या, अंगावर उठावाच्या उभ्या रेघा. अंधारात चुकून उचलली तरी बोटांना कळावे, यासाठी हा आकार. पेयांच्या नऊपैकी चार गोटीच्या. हायरम कॉड यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला पेटंट घेतलेली ही बाटली उलटी करून भरत. वायूच्या दाबाने गोटी तोंडातल्या रबरी कड्यावर घट्ट बसे. गळ्यातले दोन खळगे, ओतताना गोटी परत तोंडाशी येऊ नये म्हणून. चौघींचेही गळे फोडलेले आणि गोट्या गायब. मुलांनी काय केले ते सांगायला कुठलाही तज्ज्ञ नको. उरलेल्या पाच, दातेरी पत्र्याच्या बुचासाठी घडवलेल्या तोंडाच्या. ते बूच विल्यम पेंटर यांचे, पेटंट १८९२ चे.

उठावाची अक्षरे वाचायला पातळ कागद आणि मऊ पेन्सिल पुरते, पण फक्त ठणठणीत काचेवर. सात बाटल्यांवर एकाच औषधविक्रेत्याचे नाव होते, आणि त्यातल्या दोन बाटल्यांवर पत्ता वेगळा. अक्षरांभोवती गोल चौकटीची रेघ दिसली: नावाची पाटी साच्यात बदलता येत असे, त्यामुळे लहान दुकानदारालाही पाच-सहाशे बाटल्या स्वतःच्या नावाने मिळत. म्हणजे दुकान हलले होते. कधी हलले, हे बाटली सांगत नाही. त्यासाठी जुन्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती आणि व्यापाऱ्यांच्या निर्देशिका वर्षावार चाळाव्या लागतात. पहिला पत्ता शेवटचा कधी छापला आणि दुसरा पहिल्यांदा कधी, या दोन टोकांमध्ये उत्तर असते.

काळे झाकण

सगळ्यांच्या नजरा निळ्या बाटल्यांवर आणि गोटीवाल्यांवर होत्या. चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या थरातून आलेली मलमाची बसकी पांढरी बरणी कुणी पाहिलीही नाही. बाहेरून आटे, वर काळे, आतून आटे पाडलेले झाकण. ‘ही अलीकडची, वरून पडली असेल’ म्हणून ती टाकून द्यायच्या ढिगात गेली होती.

झाकण कशाचे, यावर सगळे ठरत होते. काळे, कडक, जुने दिसणारे पदार्थ मुख्यतः दोन. गंधक घालून कडक केलेले रबर १९ व्या शतकाच्या मध्यापासून आहे आणि १८७९ च्या बॅरेट यांच्या पेटंटनंतर बाटलीच्या आत फिरणारी बुचे बहुतेकदा त्याची असत. बेकलाइट, म्हणजे कार्बोलिक आम्लापासून बनणारे कडक प्लॅस्टिक, मात्र लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधले, आणि औषधांच्या बरण्यांवर त्याची झाकणे सर्रास दिसू लागली ती १९२० च्या दशकात. दोन्हींत निदान ५० वर्षांचा फरक. अंगठ्याने जोरात घासून लगेच वास घेतला: रबर असते तर गंधकाचा वास आला असता, इथे कार्बोलिकचा उग्र दर्प आला. रबर उजेडाने तपकिरी-हिरवट पडते. हे आत-बाहेर एकसारखे काळे होते. तापलेली सुई टोचण्याची चाचणी प्रसिद्ध आहे, पण ती वस्तूला भोक पाडते; करू नये. शिवाय झाकणावरच सगळा भार टाकायची गरज नव्हती. बरणीच्या बुडाला शोषणाचा विरता व्रण होता. काच आणि झाकण, दोन वेगळ्या साक्षी, एकाच बाजूने बोलत होत्या.

तळातली वस्तू १९२० च्या दशकातली किंवा नंतरची, तर तिच्यावर पडलेले सगळे त्यानंतर पडले. वरच्या थरांतल्या १८८० च्या धाटणीच्या बाटल्याही. बाटली कधी घडली आणि कधी फेकली, यात ४० वर्षे सहज जातात. दवाखान्यात तर बाटल्या परत परत भरत.

बरणी वरून घसरली असेल, हा आक्षेप तपासावाच लागतो. उंदराची बिळे, नंतरची खोदाई, मुळांच्या वाटा सरळ ठेवलेल्या छेदात शोधल्या. भराव एकसंध होता. मग बशीचे ते दोन तुकडे. एक पहिल्या थरातला, एक चौथ्या थरातला, आणि दोघांच्या तुटक्या कडा एकमेकींत तंतोतंत बसल्या. वर्षानुवर्षे साचलेल्या कचऱ्यात एकाच बशीचे तुकडे ६० सेंटीमीटर अंतराने पडण्याची शक्यता फार कमी. खड्डा एका दमात भरला होता. बशीच्या पाठीवर ‘मेड इन’ असे देशाच्या नावाआधीचे शब्द होते. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले, आणि नुसत्या नावाऐवजी ‘मेड इन’ असे लिहिणे हे सहसा २० व्या शतकातले. एकट्या या खुणेने काही ठरले नसते. झाकणाच्या जोडीला ती चालते.

वरची मर्यादा कच्ची राहिली. पॉलिथिनचा एक तुकडाही नव्हता, आणि ते दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी पोहोचले. पण एखादी गोष्ट न सापडणे हा लंगडा पुरावा, म्हणून तो नोंदीत तसाच लंगडा लिहिला. दवाखान्याच्या स्थापनेचा या भरावाशी संबंध नाही; हा जुना साठा कधीतरी एकदम निकालात काढल्याचा कचरा आहे. का काढला, हे खड्डा सांगत नाही. साथ, मालक बदलणे, आग असल्या कथा लगेच पुढे आल्या. फलकावर त्यांतली एकही गेली नाही.

कपाटात जाताना

आधी देणगीपत्र: जागेच्या मालकाची सही, वस्तूंची यादी, अटी नाहीत. ‘सध्या तुमच्याकडे ठेवा’ म्हणून तोंडी आलेल्या वस्तूंनी लहान संग्रहालयांची कपाटे भरलेली असतात आणि २० वर्षांनी वारस दारात उभे राहतात.

क्रमांक वर्ष, गट, वस्तू अशा तीन भागांत. तो काचेवर लिहिण्याआधी ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ पट्टा, तो वाळल्यावर शाई, वर दुसरा पट्टा. जागा बुडाजवळ, अक्षरांपासून आणि पापुद्र्यांपासून लांब. हे लिखाण ॲसिटोनने कधीही निघते. नेलपॉलिश पिवळे पडते आणि सोलून क्रमांकासकट गळते.

लोखंडी कुलूप वेगळ्या बंद डब्यात, सिलिका जेलसोबत, जमेल तितके कोरडे. काच मात्र फार कोरड्या हवेत तडे धरते. तिला ४५ टक्क्यांच्या आसपासची स्थिर आर्द्रता बरी. दोघांना एका कपाटात बसवले तर एकाचे नुकसान ठरलेले. कपाटही नवे ओकचे मिळत होते, ते नाकारले: ओकच्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ येते आणि शिशाला ती खाते. आज संग्रहात शिशाचे काही नाही, पण कपाट पुढच्या वस्तूंसाठीही असते.

मांडल्या फक्त नऊ वस्तू. मागून पसरट दिव्याचा उजेड, अक्षरांसाठी बाजूने एक तिरका झोत, बुडाखाली संग्रहालयी मेणाचे तीन ठिपके. मधोमध निळी बाटली नाही, काळ्या झाकणाची बसकी बरणी. शेजारी चार थरांचा छेद दाखवणारे चित्र आणि बशीचे दोन तुकडे, न चिकटवता, एक बोट अंतर ठेवून. चिकटवले असते तर ते कुठून कुठून आले हेच दिसेनासे झाले असते. तडकलेल्या दोन बाटल्या खालच्या खणात, ‘कढत पाण्याने तडकल्या’ अशा चिठ्ठीसह.

नोंदवहीत १७ व्या क्रमांकासमोर वस्तू नाही. लांबून काढलेला एक फोटो आहे, लेबलावरची दोन अक्षरे आहेत, आणि पथकाने ती कुठल्या तारखेला नष्ट केली ते लिहिले आहे.